कशावरून?

मोजमापाशी माझे सख्य कधीच नव्हते. मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्याची गरज फारशी पडतही नाही. मापांच्या बाबतीत आमची भाषा मोठी दिलदार आहे. चिमूटभर, मूठभर, ओंजळभर, पसाभर, वीतभर, हातभर, घटकाभर आणि क्षणभर! कुणाची चिमूट आणि कुणाचा हात, हे कोणी विचारीत नाही. आमच्या आईने आयुष्यभर आमटीत अंदाजाने मीठ घातले आणि ती आमटी कधी खारट झाली नाही. वर्गात मी 'केशवसुतांनी मराठी कवितेला नवे वळण दिले' असे सांगतो, तेव्हा ते वळण किती अंशांचे, असा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेला नाही. विचारला असता तर मी त्याला शास्त्र शाखेकडे जायला सांगितले असते.

असा मी गेल्या वर्षी पाच आठवडे अशा माणसांच्या संगतीत काढले, की ज्यांना शंभरात तीनचा फरक दिसला तर ती काम थांबवतात. निमित्त काही सुखाचे नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते आणि त्यानंतर तिला किरणोपचाराच्या पंचवीस बैठका घ्यायच्या होत्या. सोमवार ते शुक्रवार रोज एक. रुग्णालय पुण्यातले, उपचाराची खोली तळघरात. मेहुण्यांना जिने चढण्या-उतरण्याचा त्रास, म्हणून ताईला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले.

बाहेरच्या बाकांवर बसलेली मंडळी या उपचाराला 'शेक' म्हणतात, कोणी 'लाइट' म्हणतात. "आज कितवी लाइट?" "सतरावी." असा संवाद तिथे चालतो. आतमध्ये काय घडते ते मात्र कोणी पाहू शकत नाही, कारण घडत असताना आत रुग्णाशिवाय कोणी नसतेच. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, वळणाचा रस्ता, जड दार. रुग्णाला मेजावर निजवायचे, भिंतीतून येणाऱ्या लाल-हिरव्या रेघा अंगावरच्या खुणांशी जुळवायच्या, आणि सगळ्यांनी बाहेर पडायचे. यंत्र थोडे गुणगुणते, त्याची मान फिरते, पुन्हा गुणगुणते. पाच-दहा मिनिटांत संपले.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिक्षिका होती. पटले नाही तर ती साक्षात ब्रह्मदेवाचेही प्रगतिपुस्तक अडवून ठेवील. अकराव्या बैठकीनंतर घरी येताना ती रिक्षात एकदम म्हणाली, "मी उद्यापासून येणार नाही."

"का गं? त्रास होतोय?"

"तेच तर! काहीच होत नाही. दिसत नाही, दुखत नाही, ऊबसुद्धा लागत नाही. मग ते लागतंय हे कशावरून? आणि लागत असेल तर जिथे लागायला हवं तिथेच लागतंय, हवं तेवढंच लागतंय, हे तरी कशावरून?"

मी तिला डॉक्टरांचे नाव, रुग्णालयाचा लौकिक वगैरे सांगू लागलो. ती म्हणाली, "हे पुरावे नव्हेत रे, या शिफारशी झाल्या." मी गप्प बसलो.

मला आठवण झाली ती एका विद्यार्थ्याची. बारावीला शास्त्र घेऊन मराठी भाषा घेतलेल्या मुलांपैकी तो एक. तीनशे शब्दांचा निबंध सांगितला, की याचा निबंध बरोबर तीनशे शब्दांचा. एकदा मी मोजूनही पाहिला होता. तो आता त्याच रुग्णालयात पदार्थविज्ञानतज्ज्ञ आहे, हे मला दुसऱ्याच दिवशी त्या तळघरात त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा कळले होते. मी त्याला ताईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. मला वाटले होते, तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "सर, ताईंनी आमच्या कामाची व्याख्या केली. आम्ही रोज सकाळी तोच प्रश्न मशीनला विचारतो. शनिवारी या. साहेबांची परवानगी काढून ठेवतो."

मधल्या दोन दिवसांत त्याने दिलेले आणि मी शोधलेले असे बरेच काही वाचले. त्या यंत्राचे नाव लिनॅक, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारे यंत्र. तत्त्व झोपाळ्याचे. झोपाळ्याला एकदाच जोराचा धक्का देऊन कोणी आढ्याला भिडवीत नाही. योग्य क्षणी हलका हात लावीत राहायचे असते. १९२४ साली स्वीडनच्या गुस्ताफ ईसिंग यांनी ही कल्पना विद्युत्कणांसाठी कागदावर मांडली. १९२७ साली जर्मनीतील आखेन येथे रॉल्फ विडरोए नावाच्या पंचवीस वर्षांच्या नॉर्वेजियन तरुणाने ती खरी करून दाखवली. गंमत अशी, की त्याला करायचे होते वेगळेच. त्याला इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवायचे होते. ते काही केल्या वर्तुळात टिकेनात. काचेच्या भिंतीला जाऊन चिकटत. प्रबंध तर पुरा करायचा! तेव्हा त्याने ईसिंगची कल्पना घेतली, एक काचेची नळी केली आणि तीत पोटॅशियमचे व सोडियमचे भारित कण सोडले. पंचवीस हजार व्होल्टचा धक्का त्यांना दोनदा बसेल अशी योजना होती.

आता धक्का दोनदा बसला, हे कशावरून? कण तर दिसत नाहीत. विडरोएने त्यांना वाटेत आडवे ओढले आणि ते किती वळतात ते पाहिले. धावत्या बैलाला सहज वळवता येत नाही, रमतगमत चालणाऱ्याला येते, तसेच हे. जेवढे वळले त्यावरून त्यांची ऊर्जा पन्नास हजार व्होल्टइतकी, म्हणजे दुप्पट, ठरली. मला या हकिकतीत सर्वांत आवडले ते हे, की शलाका निर्माण करणे आणि ती मोजणे ही दोन कामे पहिल्या दिवसापासून जुळ्या भावंडांसारखी आहेत. मोजली नसती तर त्या नळीत काही घडले असे म्हणायला त्याच्याजवळ आधारच नव्हता.

भाषेच्या प्राध्यापकाला खिजवणारी एक गोष्टही इथेच सापडली. विडरोएचा तो जर्मन लेख १९२९ साली कॅलिफोर्नियात अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाती पडला. लॉरेन्सना जर्मन भाषा सहज वाचता येत नव्हती. त्यांनी आकृत्या पाहिल्या, आकडे पाहिले, आणि तेवढ्यावरून त्यांना सायक्लोट्रॉन सुचला. १९३९ चे नोबेल पारितोषिक त्याचेच. शब्द कळले असते तर कदाचित ते विडरोएचेच यंत्र पुन्हा करीत बसले असते. हे मी वर्गात सांगत नाही.

सरळ रेषेतल्या यंत्राला खरे बळ दिले ते दुसऱ्या महायुद्धाने. विमाने हुडकण्यासाठी रडार आले, रडारसाठी सूक्ष्मलहरींचे जोरकस उगम तयार झाले, आणि युद्ध संपल्यावर त्याच लहरींवर इलेक्ट्रॉनांना स्वार करता आले. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. १९५६ साली स्टॅनफर्डच्या यंत्राखाली दोन वर्षांचा एक मुलगा आला. त्याचा एक डोळा गाठीमुळे आधीच काढावा लागला होता. दुसऱ्यातही गाठ होती. तो दुसरा डोळा वाचला. आपल्याकडेही मुंबईच्या 'समीर' या संस्थेने 'सिद्धार्थ' नावाचे असे यंत्र बनवले आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. सेवाग्राम आणि सिद्धार्थ, नावे जुळवणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

स्टॅनफर्डलाच पुढे या जातीचा महाकाय पुरुष उभा राहिला. दोन मैल लांबीचा! १९६२ साली काम सुरू झाले आणि १९६६ साली शलाका या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दोन मैलांत पृथ्वीची पाठसुद्धा वाकते, पण नळी वाकून चालत नाही. म्हणून तिच्याखाली अॅल्युमिनियमची सुमारे साठ सेंटिमीटर रुंदीची दुसरी निर्वात नळी घातली आणि तिच्यातून लेसरचा किरण सोडून, जागोजागी भिंगासारख्या पट्ट्या आडव्या धरून, यंत्राची सरळ रेघ तपासण्याची सोय केली. एवढे करूनही सुरुवातीलाच एक विचित्र प्रकार झाला. शलाकेतले इलेक्ट्रॉन वाढवले, की तिची शेपूट वाटेतच नाहीशी होई. स्पंद जेवढा लांब सोडला तेवढा पलीकडे पोचेना. कारण असे, की पुढून जाणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या पोकळ्यांत आपल्या लहरी मागे सोडून जात आणि त्या लहरी मागून येणाऱ्यांना आडवे ढकलीत. पुढच्यांनी चिखल केलेल्या वाटेवर दिंडीतले मागचे घसरावेत, तसे! मग शलाकेला आवळून धरणारी चुंबके वाढवली आणि तांब्याच्या पोकळ्यांना थोडे पोचे पाडून त्यांचा सूर बदलला. हे सारे केव्हा कळले? पलीकडच्या टोकाला किती पोचले हे मोजणारा कोणी बसला होता म्हणून. याच यंत्राच्या शलाकेने प्रोटॉनच्या पोटातही आणखी दाणे आहेत हे दाखवले, आणि त्या कामाला १९९० साली नोबेल मिळाले.

मोजणाऱ्यांची हौस तिथेही भागली नाही. १९९४ साली त्याच ठिकाणी शलाका दाबून दाबून तिची उंची सुमारे सत्तर नॅनोमीटरवर आणली. केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. एवढी बारीक वस्तू मोजायला फूटपट्टी कुठली आणायची? जपानच्या त्सुमोरू शिंताके यांनी प्रकाशाचीच पट्टी केली. लेसरचे दोन झोत एकमेकांवर सोडले, की काळ्या-पांढऱ्या रेघा पडतात. त्या रेघांवरून इलेक्ट्रॉनांची शलाका सरकवायची आणि किती प्रकाश उडतो ते मोजायचे. मी हे वाचून पुस्तक मिटले आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी त्या तळघरात हजर झालो. बाकडी रिकामी होती. खोलीत, जिथे एरवी ताई निजते तिथे, पाण्याने भरलेली काचेसारखी टाकी ठेवलेली. "माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच, सर," विद्यार्थी म्हणाला. "म्हणून हा आमचा रोजचा रुग्ण. तक्रार करत नाही." पाण्यात एक छोटीशी कुपी बुडवलेली होती, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी. आत निव्वळ हवा. शलाका त्या हवेतून गेली की हवेचे कण विद्युत्भारित होतात, तेवढी वीज गोळा करून मोजायची.

त्याने मला सगळा मार्ग दाखवला. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात, तांब्याच्या नळीत लहरींवर स्वार होतात, आणि हातभर-दोन हातांत त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या शंभरात नव्याण्णव भागांहून अधिक होतो. मग एक चुंबक त्यांना वळवतो. "किती अंशांत?" मी विचारले. "दोनशे सत्तर," तो म्हणाला. मला केशवसुत आठवले. वळून ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात, त्यातून क्ष-किरण निघतात, आणि रुग्णाकडे जाताना वाटेत यंत्रातल्याच दोन कक्षांतून जातात. हे दोन कक्ष म्हणजे यंत्राचे दोन कारकून. एक मोजतो, तो चुकला तर दुसरा थांबवतो. शंभर एकके मोजली की पाण्यात ठरल्या जागी एक ग्रे मात्रा पडली पाहिजे. "पण हे कारकून यंत्राचेच नोकर आहेत, सर. त्यांची साक्ष आम्ही एकटी मानत नाही. म्हणून हे अंगुस्तान. ते आमचं."

त्यानंतर त्याने तापमापक पाहिला आणि हवेचा दाब पाहिला. मी विचारले, "हे कशाला?" तर कुपीला बारीक भोक असते आणि आतली हवा बाहेरच्यासारखीच असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. तेच अंगुस्तान मुंबईहून घाट चढवून इथे आणले आणि हिशेब बदलला नाही, तर ते सुमारे सहा टक्के कमी सांगेल. मग आपण यंत्राला वाढवायला सांगू, आणि प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त बसेल. मला एकदम खंडाळ्याचा घाट निराळाच दिसू लागला.

आम्ही बाहेर आलो, दार लागले, यंत्र गुणगुणले. पडद्यावर आकडा आला. त्याने तो वहीत लिहिला. त्या वहीत रोजची एक ओळ होती, निळ्या शाईची, वर्षांमागून वर्षे.

परत येताना चहा घेत तो म्हणाला, "सर, आम्हांला शिकताना एक गोष्ट सांगतात." आणि त्याने टेक्सासमधल्या टायलर गावची हकिकत सांगितली. नंतर मी ती सविस्तर वाचली. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ नावाचे लिनॅक. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्याखाली सहा जणांना भयंकर जास्त मात्रा बसली. आधीच्या यंत्रांत चूक झाली तर शलाका अडवणारे कडीकुलूप होते. इथे ते काढून सारा भरवसा संगणकाच्या आज्ञांवर ठेवला होता. मार्च १९८६ मध्ये टायलरच्या तंत्रज्ञ बाईंनी एक अक्षर चुकीचे टाइप केले आणि चटकन दुरुस्त केले. त्यांचा हात इतका सराईत होता, की पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण आत यंत्र अर्धे जुन्या आज्ञेवरच राहिले. जो प्रचंड झोत टंगस्टनवर पडायचा, तो उघडाच रुग्णाच्या पाठीवर पडला. पडद्यावर आकडा आला: मागितलेली एकके २०२, दिलेली ६. यंत्र म्हणते, फारच कमी गेले. त्यांनी 'पुढे चालू' कळ दाबली. तो माणूस पहिल्या झटक्याने उठू पाहत होता, तेवढ्यात दुसरा बसला. त्या दिवशी आतले चित्र दाखवणारा पडदा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकवणारे यंत्र बिघडलेले होते. तो मनुष्य दार ठोठावू लागला तेव्हा बाहेर कळले. पाच महिन्यांनी तो गेला.

आकडा ६ का आला? कारण आतले ते दोन कारकून त्या लोंढ्यात बुडून गेले होते. पुराने पर्जन्यमापकच बुडवावा आणि त्यावरून आज पाऊस थोडा झाला म्हणावे, तशातली गत! विजेचा झटका बसला असेल म्हणून तपासणी झाली, काही सापडले नाही, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण त्याच चुकीत सापडला. मग त्या रुग्णालयाचा पदार्थविज्ञानतज्ज्ञ आणि त्याच तंत्रज्ञ बाई यांनी यंत्रापुढे बसून, तेच अक्षर तितक्याच झपाट्याने पुन्हा पुन्हा टाइप करीत, ती चूक हुकमी घडवून दाखवली, आणि मात्रा मोजली. लिहिणारे या प्रकाराला संगणकाच्या आज्ञावलीतला दोष म्हणतात, तो होताच. पण मला वाटते, त्याहून मोठा दोष असा, की माणूस ओरडत होता आणि आकडा सहा म्हणत होता, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवला गेला. आकडा कुणी सांगितला, त्याला कोण तपासते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. म्हणजे ताईचाच प्रश्न कोणी विचारला नाही.

हे तिला सांगावे की नाही, यावर मी दोन रात्री घालवल्या. शेवटी सगळे सांगितले. टायलरसकट. मेहुणे माझ्यावर संतापले; आधीच ती जायला तयार नाही आणि तुम्ही तिला भीती घालता! ताई मात्र शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे पेपर तपासणारा निराळा आणि फेरतपासणी करणारा निराळा. बरोबर आहे. पण त्या अंगुस्तानाला कोण तपासतं?"

सोमवारी तिने हे थेट त्यालाच विचारले. तो तिच्याशेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "ताई, ते आम्ही तुर्भ्याला पाठवतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथल्या प्रमाण कुपीशी ताडून त्याला दाखला मिळतो."

"आणि तुमचा हिशेबच चुकला तर?"

"टपालाने लहान कुप्या येतात, त्यांत एक पूड असते. सांगितलेली मात्रा त्यांना द्यायची आणि परत पाठवायच्या. आम्ही काय दिलं ते ती पूड त्यांना सांगते. पाच टक्क्यांच्या आत असलं तर ठीक. नाहीतर विचारणा होते." व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून जगभरच्या रुग्णालयांची अशी टपाली परीक्षा घेत आल्या आहेत. टपालखात्याचे हे काम मला ठाऊक नव्हते.

"त्यांना कोण तपासतं?" ताई काही थांबेना.

"शेवटी उष्णता, ताई. काही देशांच्या मूळ प्रयोगशाळांत किरणांनी पाणी नाहीतर ग्रॅफाइट किती तापलं ते मोजतात. त्याच्यापलीकडे साक्षीदार नाही. एका ग्रेने पाणी तापतं एका अंशाच्या दहा हजार भागांतले साधारण अडीच भाग."

ताईने बोटांवर हिशेब केला. रोजचे दोन ग्रे, पंचवीस दिवस. सगळे मिळून अंशाचा शतांश आणि थोडे वर. "म्हणजे ऊब असतेच," ती म्हणाली, "मलाच कळत नव्हती. ही बाकावरची माणसं शेक म्हणतात ते काही चूक नाही." आणि नाव पुकारल्यावर उठून आत गेली.

उरलेल्या बैठका तिने एकही चुकवली नाही. फक्त एक नवी खोड लागली. रोज आत जाण्यापूर्वी ती काचेआडच्या माझ्या विद्यार्थ्याकडे पाहून हात वर करी, आणि तो बोटांनी सकाळचा आकडा दाखवी. शंभर अपेक्षित असताना किती आला तो. पंचविसाव्या दिवशी तो रजेवर होता. ताई अडून बसली. शेवटी त्याच्या जागी आलेल्या मुलीने वही उघडून, निळ्या शाईची त्या दिवशीची ओळ तिला काचेतून दाखवली. नव्याण्णव पूर्णांक सहा होते.